चांगथांगच्या पाणथळीत पहिल्यांदा जाताना: त्सो मोरिरी आणि त्सो कार

लडाखला गेलेले बहुतेक जण पँगाँगच्या निळ्या पाण्यापुढे फोटो काढून परततात. पक्षी बघायचे असतील, तर त्याच्याही दक्षिणेला, चांगथांगच्या पठारावर उतरायला हवं. तिथे त्सो मोरिरी आणि त्सो कार ही दोन सरोवरं आणि त्यांच्या कडेची दलदल आहे. दोन्ही साधारण साडेचार हजार मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ पावणेतीन पट उंचीवर. ‘त्सो’ म्हणजे सरोवर आणि ‘ला’ म्हणजे खिंड. एवढे दोन शब्द कळले की इथला अर्धा नकाशा वाचता येतो.

हा सगळा भाग 1987 पासून चांगथांग शीत वाळवंट अभयारण्यात येतो. त्सो मोरिरी 2002 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, आलं आणि त्सो कार 2020 मध्ये, म्हणजे आपलं लोणार ज्या वर्षी आलं त्याच वर्षी. लोणारशी आणखी एक साम्य आहे: दोन्हीकडे पाण्याला बाहेर जायला वाट नाही. डोंगरातून आलेलं पाणी सरोवरात साठतं आणि तिथूनच वाफ होऊन जातं. क्षार मात्र मागे राहतात, म्हणून पाणी खारं. हे भूगोलाच्या पुस्तकातलं वाटेल, पण इथल्या दोन सर्वांत व्यावहारिक गोष्टी त्यातूनच निघतात. एक, या खोऱ्यात जे आत गेलं ते वाहून जात नाही, मग ते मीठ असो, मैला असो की वेफर्सचं पाकीट. दोन, बंद खोऱ्यातून बाहेर पडायचं तर आधी खिंड चढावी लागते. रात्री कुणाला विरळ हवेचा त्रास झाला, तर ‘खाली उतरा’ म्हणणं सोपं आहे. प्रत्यक्षात गाडी आधी वर जाते.

कधी जायचं

काळ्या मानेचा क्रौंच मार्चअखेर ते एप्रिलमध्ये येतो, मे-जूनमध्ये अंडी घालतो. अंडी बहुधा दोन, उबवायला महिनाभर. पिल्लं जूनअखेर ते जुलैत बाहेर येतात आणि ऑक्टोबरनंतर पक्षी निघून जातात. भारतात या क्रौंचाची वीण होते ती लडाखच्या याच उंच दलदलींमध्ये, आणि तो लडाखचा राज्यपक्षीही आहे.

नवख्यांनी जुलैचा उत्तरार्ध किंवा ऑगस्ट धरावा. पिल्लं चालती झालेली असतात, रस्ते उघडे असतात, आणि तुमच्या हातून चूक झाली तरी घरट्यातली अंडी थंड पडण्याचा धोका टळलेला असतो. जून मोहात पाडतो, कारण तेव्हा पक्षी घरट्याला बांधलेला असतो आणि नक्की दिसतो. पण नेमकं तेव्हाच त्याला उठवणं सर्वांत महाग पडतं. पहिल्या खेपेला जून टाळा, असं आमचं स्पष्ट मत आहे. सप्टेंबरमध्ये उजेड सुंदर आणि गर्दी कमी, मात्र रात्री कडाक्याच्या. जुलैतही पहाटे पारा शून्याच्या आसपास येतो, हे लक्षात ठेवून कपडे भरा.

दिवसांची मांडणी

इथे येणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक पक्ष्यांच्या बाबतीत नसते, दिवस मोजण्यात असते. पुण्या-मुंबईहून विमानानं लेहला उतरलात की काही तासांत तुम्ही 3,500 मीटरवर पोहोचता. तिथे किमान दोन पूर्ण दिवस काहीही करायचं नाही. बाजारात हळू फिरा, पाणी प्या, दारू टाळा, जिने चढून तब्येत अजमावू नका. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा सर्वमान्य नियम आहे. लेहहून थेट त्सो मोरिरीच्या काठच्या कोरझोक गावी मुक्कामाला गेलात, तर एका उडीत हजार मीटर होतात. म्हणून मध्ये एक रात्र हवी.

सोयीचा क्रम असा. लेहमध्ये तीन रात्री. चौथ्या दिवशी उपशीवरून सिंधूच्या काठाकाठानं चुमाथांग. हे साधारण चार हजार मीटरवर आहे आणि तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. रात्र तिथे. पाचव्या दिवशी माहेचा पूल ओलांडून, वरची नामशांग ला पार करून कोरझोक. सहावा दिवस पूर्ण त्सो मोरिरीला. सातव्या दिवशी त्याच वाटेनं सुमडो फाट्यापर्यंत मागे येऊन पुगा खोऱ्यातून पोलोकोंगका ला ओलांडायची आणि त्सो कारला उतरायचं. आठव्याची सकाळ तिथे काढून तांगलांग लावरून लेहला परत.

हीच फेरी उलटी केली, म्हणजे आधी तांगलांग ला, तर लेहमधून निघून त्याच दिवशी 5,300 मीटरवर चढता आणि त्सो कारला साडेचार हजारांवर झोपता. गाडीवाले बऱ्याचदा हाच क्रम सुचवतात, कारण त्सो कारचा रस्ता जवळचा आहे. ऐकू नका. मनालीहून येणाऱ्यांचं तर याहून वाईट होतं: सरचूच्या उंचीवर डोकं धरून रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी वाटेत लागतं म्हणून त्सो कारला मुक्काम करायचा. मनालीहून येत असाल तर सरळ लेहला या, विश्रांती घ्या आणि मग परत वर जा.

अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, बरेच जण घेतात. प्रतिबंधासाठी मोठ्यांना साधारणपणे 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात आणि चढायच्या आदल्या दिवशी सुरू करतात. पण सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ते चालेलच असं नाही, तेव्हा घरून निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. गोळी घेतली म्हणून मधली रात्र वगळता येत नाही.

सोबतच्यांवर नजर ठेवा. नुसती डोकेदुखी असेल तर थांबा, आणखी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागत असेल, कोरडा खोकला वाढत असेल, तर फुप्फुसात पाणी होत असू शकतं. माणूस असंबद्ध बोलतोय किंवा चालताना तोल जातोय असं वाटलं, तर जमिनीवर एक सरळ रेष धरून टाचेला पंजा लावत दहा पावलं चालायला सांगा. जमलं नाही, तर सकाळची वाट न बघता गाडी काढायची. दुकानात मिळणारा ऑक्सिजनचा हलका डबा काही मिनिटांत संपतो. गाडीत भरलेला सिलिंडर, मास्क आणि रेग्युलेटर आहे का, हे लेहमध्येच उघडून बघा. कोरझोकहून बाहेर पडायला नामशांग ला चढावी लागते. त्सो कारहून दोन वाटा आहेत, आणि पोलोकोंगका ला ही तांगलांग लापेक्षा तीन-साडेतीनशे मीटरनं खाली आहे. कुठला रस्ता चालू आहे, हे पोहोचल्याच संध्याकाळी ड्रायव्हरशी ठरवून ठेवा. मध्यरात्री ठरवायला बसू नका.

कागद, फोन, इंधन

परवानगीचे आणि पर्यावरण शुल्काचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर पाहा. पावतीच्या आणि आधार कार्डाच्या चार-पाच छापील प्रती जवळ ठेवा. चौकीवर मोबाइलमधला फोटो दाखवायला नेटवर्क लागत नसलं तरी बॅटरी लागते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकांना सोबत नेत असाल, तर ओसीआय कार्ड पुरत नाही. त्यांना संरक्षित क्षेत्राचं वेगळं परमिट काढावं लागतं आणि ते लेहमधल्या नोंदणीकृत एजंटामार्फत मिळतं.

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. पोस्टपेड न्या, आणि सरोवरांपाशी तेही चालणार नाही असं गृहीत धरा. डिझेल-पेट्रोल लेह किंवा कारूला टाकी भरून घ्या. ड्रोन घरीच ठेवा: अभयारण्य आहे, सीमा जवळ आहे आणि घरट्यावरचा पक्षी ड्रोनला शिकारी पक्षीच समजतो.

काय न्यायचं

दुर्बीण 8×42 ची पुरे. बारा पटीची मोठी दुर्बीण विरळ हवेत धापा टाकत असताना हातात स्थिर राहत नाही. खरा उपयोग स्पॉटिंग स्कोपचा, म्हणजे ट्रायपॉडवर लावायच्या एकनळी दुर्बिणीचा, 20 ते 60 पट, आणि त्याला जड ट्रायपॉड. हलका ट्रायपॉड दुपारच्या वाऱ्यात नुसता थरथरतो. त्याच्या मधल्या दांड्याला दगडांची पिशवी टांगली की बरंच काम होतं. चार-पाच जणांत एक स्कोप पुरतो. कॅमेऱ्याच्या जास्तीच्या बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, रात्री पांघरुणात घ्या. थंडीत त्या निम्म्या वेळात बसतात. अतिनील किरण अडवणारा गॉगल, टोपी, ओठांना लावायला मलम, दिवसाला माणशी तीन-चार लिटर पाणी. कपडे मातकट रंगाचे. लाल जॅकेट फोटोत छान दिसतं, दलदलीत नको.

खाणं घरून नेलेलं उत्तम: चिवडा, लाडू, दशम्या, शेंगदाण्याची चटणी. फक्त हवाबंद पाकिटं नकोत. खाली भरलेली पाकिटं वर फुग्यासारखी फुगतात आणि बॅगेत फुटली की चिवडा सगळीकडे होतो. घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, म्हणजे रिकामं पाकीट परत आणायचा प्रश्नही उरत नाही.

जाण्याआधीचा सराव महाराष्ट्रातच होतो. पट्टकादंब, ज्याला आपल्याकडे राजहंसही म्हणतात, हिवाळ्यात उजनीच्या जलाशयावर भिगवणला येतो. डिसेंबर-जानेवारीत एक सकाळ तिथे जाऊन पांढऱ्या डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या आणि पिवळसर चोच-पाय नीट पाहून घ्या. भिगवणला दिसलेला पक्षी लडाखचाच असेल असं नाही, मंगोलियाकडूनही येतात. पण ओळख एकदा पक्की झाली की वर गेल्यावर वेळ दुसऱ्या पक्ष्यांना देता येतो.

दलदलीच्या काठावर

त्सो कार ही खरं तर दोन सरोवरांची जोडी आहे. उत्तरेचं मोठं, अतिखारं, काठावर मिठाचा पांढरा थर असलेलं. ‘त्सो कार’ म्हणजे पांढरं सरोवर, आणि इथलं मीठ चांगपा, म्हणजे या पठारावरचे भटके पशुपालक, पूर्वी गोळा करून विकायचे. दक्षिणेला स्टार्त्सापुक त्सो, लहान आणि गोड्या पाण्याचं. त्याचं पाणी मोठ्या सरोवरात जातं. नवखे लोक मोठ्या सरोवरापाशी थांबून ‘पक्षी फार नाहीत’ म्हणतात. वेळ द्यायचा तो स्टार्त्सापुकला आणि त्याच्या कडेच्या ओल्या गवताला. तुरेवाली मोठी टिबुकली इथे पाणवनस्पतींचं तरंगतं घरटं करते, पट्टकादंबांची पिल्लं काठाकाठानं पोहतात, आणि क्रौंचाची जोडी बहुधा दलदलीच्या आतल्या बाजूला असते.

पहाटे उजाडायच्या सुमाराला पोहोचा. नऊ-दहानंतर तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरू लागते आणि स्कोपमध्ये क्रौंच वितळल्यासारखा दिसतो. अशा वेळी भिंग वाढवून उपयोग नाही, उलट 20 पटीवर आणा. दुपारी वारा सुटतो. संध्याकाळी शेवटचे दोन तास पुन्हा चांगले. सूर्य पाठीशी येईल अशी बाजू निवडा. एकाच उंचवट्यावर दोन तास बसा. चार ठिकाणी गाडी नेऊन पंधरा-पंधरा मिनिटं बघण्यापेक्षा हे किती तरी पटीनं फळतं.

अंतर किती? क्रौंचापासून किमान 300-400 मीटर, आणि पिल्लू असेल तर त्याहून जास्त. मीटर मोजत बसण्यापेक्षा पक्ष्याकडे बघा. निवांत क्रौंच मान खाली घालून चिखलात चोच खुपसत, थबकत चालतो. मान वर झाली आणि चरणं थांबलं, की तुमची दखल घेतली गेली. दोघांच्या माना ताठ, दोघं एकाच दिशेला चालू लागले किंवा ओरडू लागले, तर तुम्ही आधीच फार पुढे आला आहात. एखादा पक्षी पंख लोंबवत, जखमी असल्यासारखा चालू लागला, तर पिल्लू किंवा घरटं जवळच आहे आणि तो तुम्हाला भुलवून दुसरीकडे नेतोय. त्याच्या मागे जाऊ नका, घरटंही शोधू नका. आल्या वाटेनं मागे फिरा.

बसलेला क्रौंच पहिल्यांदा ओळखूच येत नाही. पाण्यानं वेढलेल्या गवताच्या उंचवट्यावर एक राखाडी-पांढरा दगड दिसतो. दगड बराच वेळ दगडच राहतो. मग त्याला काळी मान फुटते, तिच्या टोकाला लाल टोपी आणि डोळ्यामागे इवलासा पांढरा ठिपका. पलीकडून जोडीदार हळूहळू चालत येतो. बसलेला उठतो, वाकून चोचीनं अंडी फिरवतो, आणि जागा बदलतात. पिल्लू शोधायची युक्ती वेगळी: ते चिखलाच्या रंगाचं असतं, त्याला शोधू नका. मोठा पक्षी चोच खाली नेऊन क्षणभर थांबला, खाल्ल्यासारखं न करता, तर त्या चोचीखाली बघा.

घरट्याभोवतीचं पाणी हीच त्याची तटबंदी. तुम्ही जवळ गेलात आणि पक्षी उठला, की अंडी साडेचार हजार मीटरवरच्या वाऱ्यात उघडी पडतात, आणि डोमकावळ्याला तेवढी संधी पुरते. पण आज पिल्लांना सर्वांत जास्त धोका भटक्या कुत्र्यांचा आहे. हे कुत्रे आपोआप आलेले नाहीत. छावण्या, रस्त्याच्या कामावरचे तळ आणि पर्यटकांचे तंबू यांच्या उरल्यासुरल्या अन्नावर ते वाढतात, आणि अन्न संपतं त्या थंड महिन्यांतही तिथेच राहतात. उरलेली पोळी दयेनं कुत्र्याला टाकणं इथे दया नाही. मार्मोटला बिस्किटं देणंही नको; तो गवत खाऊन हिवाळ्यापुरती चरबी साठवणारा प्राणी आहे. मेंढपाळांचे राखणीचे कुत्रे मात्र वेगळे. त्यांच्या कळपाच्या आणि तुमच्यामध्ये भरपूर अंतर ठेवा, ते अनोळखी माणसाला सोडत नाहीत.

गाडी मळलेल्या वाटेवरून खाली उतरवू नका. ओलं गवत चाकाखाली दबलं की तिथे पाणी साचायची पद्धतच बदलते, आणि इथल्या थंडीत ती खूण वर्षानुवर्षं भरून येत नाही. एकाची चाकोरी दिसली की दुसऱ्याला तो रस्ता वाटतो. शिवाय वरून सुकलेली दिसणारी पांढरी खारवट जमीन आतून चिखल असते. तिच्यात गाडी रुतली तर ओढायला दुसरी गाडी येईपर्यंत अर्धा दिवस जातो. आणि कियांगांचा, म्हणजे जंगली गाढवांचा, कळप गाडीबरोबर धावू लागला तर ती शर्यत नाही. वेग कमी करा किंवा थांबा. विरळ हवेत पळवलेल्या प्राण्याचा चाऱ्याचा वेळ आणि ताकद दोन्ही जातात.

त्सो मोरिरीची तऱ्हा निराळी. ते लांबच लांब आणि खोल आहे, म्हणून मधल्या पाण्यात फारसं काही नसतं. नजर काठाच्या उथळ भागावर, ओहोळ येऊन मिळतात तिथल्या गवतावर आणि पाण्यातल्या लहान बेटांवर ठेवा. पट्टकादंबांची पिल्लं अनेक कुटुंबांची मिळून एका घोळक्यात असतात. तपकिरी डोक्याचे कुरव आणि सुरय वरून घिरट्या घालतात, काठावर लाल पायांचा टिलवा चुळबुळत असतो. केशरी रंगाची बदकं दिसली तर ते चक्रवाक. रात्रीच्या विरहासाठी आपल्या काव्यात गाजलेली ही जोडी इथे कपारीत घरटं करून आठ-दहा पिल्लं मागे घेऊन फिरताना दिसते. कोरडी उतरंड बघायला विसरू नका: तिबेटी सँडग्राउज हे पक्षी दगडांत दगडासारखे बसलेले असतात.

कोरझोकच्या गावकऱ्यांनी 2000 मध्ये हे सरोवर ‘जिवंत पृथ्वीला दिलेली पवित्र भेट’ म्हणून जाहीर केलं. मुक्काम त्यांच्याच होमस्टेमध्ये करा; काठावर तंबू ठोकू नका. घरात कोरडा लडाखी संडास असेल. त्यात पाणी ओतायचं नसतं, वापर झाला की शेजारच्या ढिगातली माती-राख फावड्यानं लोटायची. साबणानं अंग-कपडे ओहोळावर धुऊ नका. ते पाणी सरोवरात जातं आणि तिथेच राहतं. कचऱ्यासाठी एक जाड पिशवी गाडीत ठेवा आणि ती लेहपर्यंत परत आणा, गावातल्या डब्यात रिकामी करू नका. तो डबा रिकामा करायलाही शेवटी कुणाला तरी नामशांग ला चढावी लागते.

नोंद करताना तारीख, वेळ, सरोवराची बाजू, मोठे पक्षी किती, पिल्लं किती आणि कुत्रे किती हे लिहा. कुत्र्यांचा आकडाही पक्ष्यांइतकाच उपयोगी असतो. क्रौंचाच्या घरट्याचं नेमकं ठिकाण आणि फोटो मात्र कुठेही टाकू नका, आणि परतताना दुसऱ्या गटाच्या ड्रायव्हरला ‘इथे जा, अगदी जवळ दिसतो’ असंही सांगू नका.

गवतात एकटं पिल्लू सापडलं तर ते हरवलेलं नसतं. आईबाप तुमच्यामुळे दूर गेलेले असतात आणि ते सांगितल्यासारखं दबून बसलेलं असतं. उचलू नका, पाणी पाजू नका, फोटोसाठी थांबू नका. आलात त्याच पावलांवरून गाडीपर्यंत मागे जा, गाडी अर्धा किलोमीटर दूर न्या आणि मग स्कोप लावा. थोड्या वेळानं दोन काळ्या माना त्या जागेकडे परत चालत येताना दिसतील.